नागरिकाचे एकच माप : न्यायमूर्ती महंमद करीम छागला

हेगच्या शांतता प्रासादात १२ एप्रिल १९६० रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एका खटल्याचा निकाल दिला. फिर्यादी पोर्तुगाल होता आणि प्रतिवादी भारत. दमण व दादरा-नगर हवेली यांच्यामध्ये पसरलेल्या भारतीय प्रदेशातून आपली माणसे, आपला माल आणि आपले सशस्त्र बळ नेण्याचा आपल्याला हक्क आहे, असा पोर्तुगालचा दावा होता. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी दादरा, नरोली आणि सिल्वासा मुक्त केल्यावर भारताने ती वाट पोर्तुगिजांना बंद केली होती. दाव्याच्या आधारांत मराठ्यांशी झालेला १७७९ चा तहही होता. न्यायालयाने तो तह तपासून असे ठरविले की, पेशव्यांनी दिला तो केवळ महसुलाचा अधिकार. सार्वभौमत्व त्यांनी सोडले नव्हते. पुढील काळातील वहिवाटीमुळे खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता पोर्तुगालचा हक्क न्यायालयाने मान्य केला. मात्र सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे यांच्यासाठी तो आठ विरुद्ध सात मतांनी नाकारला. भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, हेही नऊ विरुद्ध सहा मतांनी सांगितले. गोव्याच्या मुक्तीला अजून वीस महिने होते.

त्या पंधरा न्यायाधीशांमध्ये भारताने नेमलेले तदर्थ न्यायाधीश महंमद करीम छागला होते. पोर्तुगालला एवढाही हक्क नाही, असे मत त्यांनी वेगळ्या निकालपत्रात नोंदविले. त्यांच्या आयुष्यात भिन्न मत नोंदविण्याचे असे प्रसंग पुष्कळ आले. त्यांतील बहुतेक प्रसंगी समोर परका नव्हता. कधी स्वतःचा समाज होता, कधी जुना गुरू, कधी ज्या मंत्रिमंडळात ते बसत ते सरकार, तर शेवटी ज्या पक्षाच्या सत्तेत ते मंत्री राहिले होते तोच पक्ष. धर्म, देशाची सुरक्षा आणि माणसाचे हक्क या तीन प्रश्नांवर स्वतंत्र भारतात जो वाद झाला आणि आजही होतो, त्याच्या जवळपास प्रत्येक वळणावर हा मनुष्य उभा असलेला दिसतो.

छागलांचा जन्म ३० सप्टेंबर १९०० रोजी मुंबईतील एका सुखवस्तू इस्माइली खोजा व्यापारी कुटुंबात झाला. ते पाच वर्षांचे असतानाच आई गेली. मर्चंट हे घराण्याचे आडनाव मुंबईत फार झाल्यामुळे त्यांनी ते टाकले आणि वडिलांचे लाडाचे नाव, छागला, हेच आडनाव म्हणून घेतले. कच्छी बोलीत त्या शब्दाचा अर्थ आवडता, लाडका. सेंट झेवियर्समधील शिक्षणानंतर ते ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात गेले. तेथील भारतीय विद्यार्थ्यांच्या मजलिसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९२२ मध्ये बॅरिस्टर होऊन ते मुंबईस परतले आणि महंमद अली जिनांच्या कचेरीत कनिष्ठ म्हणून दाखल झाले.

ते जिना पुढच्या काळातले नव्हते. लोकमान्य टिळकांवर १९०८ मध्ये राजद्रोहाचा खटला भरला गेला तेव्हा त्यांच्या जामिनासाठी उभे राहिलेले आणि १९१६ मध्ये उच्च न्यायालयात टिळकांचा बचाव यशस्वी करणारे ते जिना होते. लखनौ कराराचे शिल्पकार म्हणून त्यांची ख्याती होती. तरुण छागलांना त्या जिनांमध्ये हिंदू-मुस्लिम ऐक्याचा नेता दिसला. पहिली काही वर्षे वकिलीत हाती काही लागले नाही, तरी ते गुरूची साथ सोडून गेले नाहीत. ते मुस्लिम लीगच्या कामात आले, तेही जिनांमुळेच. १९२७ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तेथे काही काळ डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे सहकारी होते.

वाटा वेगळ्या झाल्या त्या १९२८ मध्ये. मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालील समितीने भावी राज्यघटनेचा आराखडा तयार केला आणि मुसलमानांसाठी विभक्त मतदारसंघ नकोत, असे त्यात सुचविले. जिना त्या वेळी परदेशी होते. लीगच्या वतीने छागलांनी त्या आराखड्याला पाठिंबा दिला. परत आल्यावर जिनांनी तो मान्य केला नाही. हिंदू मतदाराने मुसलमान उमेदवाराला आणि मुसलमानाने हिंदूला मत द्यावे लागेल अशीच निवडणूक दोन्ही समाजांना एकत्र ठेवील, हे छागलांचे मत बदलले नाही. त्यांनी लीग सोडली. पुढे काही सहकाऱ्यांसह त्यांनी राष्ट्रवादी मुसलमानांचा एक छोटा पक्ष काढला. काँग्रेसने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही आणि लीगने तर त्याला मोजलेच नाही. लीगच्या मागे न जाणाऱ्या मुसलमानाला कोणीच आपला मानीत नाही, ही जाणीव त्यांना त्या वर्षांत झाली आणि ती आयुष्यभर राहिली.

१९४१ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळात त्यांचा समावेश होता. विजयालक्ष्मी पंडितांच्या नेतृत्वाखाली त्या शिष्टमंडळाने दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांवरील अन्यायाचा प्रश्न जगापुढे मांडला. एखाद्या राष्ट्राने आपल्या प्रजेशी कसे वागावे ही त्याची घरगुती बाब नव्हे, या विचाराची ती आरंभीची एक लढाई होती. १९४७ च्या ऑगस्टमध्ये, देश स्वतंत्र होत असताना, छागला मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि १९५८ पर्यंत त्या आसनावर राहिले. गुरू तिकडे एका नव्या देशाचे गव्हर्नर जनरल झाले होते.

त्या अकरा वर्षांतील दोन निकाल त्यांच्या पुढच्या आयुष्याशी फार जवळून जोडलेले आहेत. १९५१ च्या नरसू आप्पा माळी खटल्यात मुंबई राज्याच्या द्विभार्याप्रतिबंधक कायद्याला आव्हान देण्यात आले. हिंदूला दुसरे लग्न करण्यास बंदी आणि मुसलमानाला मोकळीक, हा भेदभाव नव्हे काय, हा प्रश्न होता. छागला आणि गजेंद्रगडकर यांनी कायदा वैध ठरविला. राज्याने सुधारणा टप्प्याटप्प्याने केली तर ते घटनाबाह्य नाही, अशी त्यामागची भूमिका होती. त्याच निकालात असेही ठरले की, धर्मावर आधारलेले वैयक्तिक कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर घासून पाहता येत नाहीत. समान नागरी कायद्याचा आयुष्यभर आग्रह धरणाऱ्या न्यायाधीशाच्या हातून वैयक्तिक कायद्यांना सर्वांत भक्कम संरक्षण मिळावे, हा योग विलक्षणच. प्रश्न न्यायालयाने नव्हे, संसदेने सोडवावा, असा त्याचा अर्थ होतो; आणि संसदेने तो सोडविला नाही, ही त्यांची पुढची तक्रार राहिली. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा, काही अपवाद वगळता, सर्वधर्मीयांना लागू असलेल्या गोव्याच्या वाचकाला त्या तक्रारीचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा निकाल दाऊदी बोहरा समाजाविषयीचा. मुंबई राज्याने १९४९ मध्ये कायदा करून धर्मगुरूंचा बहिष्काराचा अधिकार काढून घेतला होता. माणसाला मशीद, दफनभूमी आणि आप्त यांपासून तोडण्याची सत्ता कोणाही एका व्यक्तीकडे असू नये, हा त्या कायद्याचा हेतू. छागलांच्या खंडपीठाने तो वैध मानला. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये बहुमताने तो रद्द केला. धर्मसमूहाला आपली घडी राखण्याचा हक्क आहे, असे बहुमताने मानले. व्यक्तीचा हक्क मोठा की समूहाचा, हा वाद तेथे संपला नाही. छागलांचे उत्तर मात्र ठरलेले होते. राज्यासमोर उभा असतो तो नागरिक. त्याची जमात त्याच्या आणि राज्याच्या मध्ये उभी राहू शकत नाही.

१९५६ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट केली. ज्या दालनात टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, त्या दालनाबाहेर टिळकांचे न्यायालयातील उद्गार कोरलेला फलक त्यांनी बसविला. एका न्यायसंस्थेने आपल्याच निकालाचे केलेले ते जाहीर प्रायश्चित्त होते. राजद्रोहाचा शिक्का बसलेला माणूस उद्या राष्ट्राचा पूज्य पुरुष ठरू शकतो, हे सुरक्षेच्या नावाने कायदे करणाऱ्या प्रत्येक सरकारला तो फलक आजही सांगत असतो.

निवृत्त होण्याच्या सुमारास आयुर्विमा महामंडळाच्या मुंदडा प्रकरणाची चौकशी त्यांच्याकडे आली. फिरोज गांधींनी लोकसभेत उघडकीस आणलेला हा सव्वा कोटीच्या गुंतवणुकीचा व्यवहार. छागलांनी सुनावणी लोकांसमोर, ध्वनिक्षेपक लावून घेतली, काही आठवड्यांत ती संपविली आणि सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यावर येते, असा निष्कर्ष दिला. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना १९५८ च्या फेब्रुवारीत पद सोडावे लागले. नेहरूंना तो अहवाल रुचला नसेल. तरी त्याच वर्षी त्यांनी छागलांना अमेरिकेत राजदूत म्हणून पाठविले, पुढे लंडनला उच्चायुक्त केले आणि १९६३ च्या नोव्हेंबरमध्ये शिक्षणमंत्री म्हणून मंत्रिमंडळात घेतले. महाराष्ट्रातून ते राज्यसभेवर गेले.

मंत्री होऊन तीन महिनेही झाले नव्हते, तोच काश्मीरचा प्रश्न सुरक्षा परिषदेत पुन्हा आला. हजरतबलच्या दर्ग्यातील पवित्र केस १९६३ च्या डिसेंबरअखेर नाहीसा झाला होता, खोऱ्यात संताप उसळला होता, पूर्व पाकिस्तानात आणि कलकत्त्यात दंगली झाल्या होत्या. १९६४ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानच्या बाजूने झुल्फिकार अली भुट्टो उभे होते, भारताच्या बाजूने छागला. काश्मीरमध्ये मुसलमान बहुसंख्य आहेत म्हणून ते पाकिस्तानचे, हे मान्य केले तर धर्म म्हणजेच राष्ट्र हे मान्य करावे लागेल. आणि मग भारतात राहिलेल्या पावणेपाच कोटींच्या घरातील मुसलमानांचे नाते कोणत्या देशाशी, असा प्रश्न उभा राहील, ही त्यांच्या मांडणीची धार होती. १९२८ मध्ये जिनांशी झालेला वादच ते जगापुढे पुन्हा मांडत होते. परिषदेने त्या वेळी ठराव केला नाही. परतल्यावर देशात त्यांचा गौरव झाला. पण त्यांच्या धर्माचा उपयोग दिल्लीने ढालीसारखा करून घेतला, असे म्हणणारेही होते. आणि तो आरोप त्यांना फार लागे. आपण तेथे मुसलमान म्हणून नव्हे, भारतीय म्हणून बोललो, असे त्यांचे म्हणणे असे.

त्यांची खरी कसोटी लागली ती १९६५ मध्ये, अलीगढच्या प्रश्नावर. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात, तेथल्याच विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या जागांचे प्रमाण कुलगुरू नवाब अली यावर जंग यांच्या कारकिर्दीत ७५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आले. २५ एप्रिलला विद्यापीठाच्या सभेच्या वेळी जमावाने कुलगुरूंवर हल्ला केला; ते गंभीर जखमी झाले. २० मे रोजी केंद्राने अध्यादेश काढला. विद्यापीठाची सर्वोच्च सभा सल्लागार मंडळाच्या पायरीवर आली आणि कारभार सरकारनियुक्त मंडळाच्या हाती गेला. अध्यादेशाची जागा घेणारे विधेयक घेऊन छागला संसदेत उभे राहिले, तेव्हा देशावर पाकिस्तानशी युद्धाची छाया होती.

विरोधकांचे म्हणणे पोकळ नव्हते. सर सय्यद अहमदांच्या १८७५ च्या शाळेतून आणि मुसलमानांनी जमविलेल्या वर्गणीतून ही संस्था वाढली. घटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था स्थापून चालविण्याचा हक्क दिला. एका दंगलीच्या निमित्ताने तो हक्क काढून घेणे म्हणजे काही तरुणांच्या गुन्ह्याची शिक्षा संपूर्ण समाजाला देणे, असा त्यांचा आक्षेप होता. छागलांनी कायद्याच्या भूमीवर उत्तर दिले. विद्यापीठ १९२० च्या कायद्याने, म्हणजे विधिमंडळाच्या इच्छेने जन्मले. ते केंद्राच्या पैशावर चालते. घटनेनेच त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून केंद्राच्या सूचीत घातले आहे. मग ते एका समाजाने स्थापिलेले कसे? विधेयक मंजूर झाले. १९६७ च्या ऑक्टोबरमध्ये अझीझ बाशा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी हीच भूमिका स्वीकारली.

छागलांनी माप दोन ठेवले नव्हते, हे बनारसच्या प्रकरणात दिसले. अलीगढमधून मुस्लिम आणि बनारसमधून हिंदू, हे दोन्ही शब्द विद्यापीठांच्या नावांतून जावेत, अशी त्यांची इच्छा होती. बनारसच्या विधेयकाची पाळी येताच काशीत आंदोलन पेटले आणि सरकारने नाव बदलण्याचा विचार सोडून दिला. अलीगढवर कायदा चालला, बनारससमोर सरकार थबकले. मुसलमानांतील अनेकांनी त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला, आणि तो खोडून काढणे छागलांनाही सोपे नव्हते. माप एकच असून भागत नाही. ते लावणारा हातही दोन्हीकडे सारखाच कठोर असावा लागतो, आणि तो हात त्यांच्या एकट्याचा नव्हता.

१९६६ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्याकडे परराष्ट्र खाते आले. पुढल्या वर्षीच्या जूनमध्ये अरब-इस्रायल युद्ध झाले. सरकारच्या अरबांना अनुकूल धोरणावर संसदेत कडक टीका झाली, आणि ते धोरण मांडण्याची जबाबदारी छागलांवर होती. भारताचे परराष्ट्र धोरण देशातील मुसलमानांच्या भावनांवरून ठरते काय, हा प्रश्न सभागृहात मुसलमान परराष्ट्रमंत्र्यासमोर उभा राहिला, यातील अवघडपणा निराळा सांगायला नको. त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर त्यांनी राजीनामा दिला. कारण वेगळेच होते: विद्यापीठीय शिक्षण घाईने प्रादेशिक भाषांत नेण्याचा सरकारचा निर्णय. त्यामुळे देशातील विद्वानांना आणि न्यायालयांना जोडणारा दुवा तुटेल, असे त्यांना वाटले. मराठीतून उच्च शिक्षणाचे स्वप्न पाहणाऱ्यांना हे मत पटण्याजोगे नव्हते आणि नाही. परंतु मतासाठी परराष्ट्रमंत्रिपद सोडणारी माणसे दिल्लीत तेव्हाही थोडीच होती.

ते वकिलीकडे परतले. १९७३ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. येथे आयुष्य शांतपणे मावळले असते, तर एक नामवंत न्यायाधीश आणि मंत्री एवढीच नोंद उरली असती. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. देशाच्या अंतर्गत सुरक्षेला धोका आहे, हे कारण सांगून मूलभूत हक्क स्थगित झाले, विरोधी नेते विनाचौकशी तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी बसली. संसद चालू होती आणि बहुमताने सर्व काही संमत करीत होती. पंचाहत्तरी गाठलेले छागला गप्प बसले नाहीत. १२ ऑक्टोबर १९७५ रोजी अहमदाबादेत नागरी स्वातंत्र्याची परिषद भरली, तिचे उद्घाटन त्यांनी केले आणि भयाखाली जगणाऱ्या देशात मौन पाळणे हाही अपराधच आहे, अशा आशयाचे भाषण केले. वृत्तपत्रांना ते छापता येत नव्हते. वडोदऱ्याहून निघणाऱ्या भूमिपुत्र या सर्वोदयी गुजराती नियतकालिकाने परिषदेचा वृत्तांत दिला आणि त्यावर कारवाई झाली. गुजरात उच्च न्यायालयाने १९७६ मध्ये नियतकालिकाच्या बाजूने निकाल दिला. मुंबईत वकिलांच्या सभेला पोलिसांनी मज्जाव केला, तोही उच्च न्यायालयाने उठविला. ज्या न्यायालयावर छागलांनी अकरा वर्षे संस्कार केले, त्याची पाठ त्या काळात ताठ राहिली.

सर्वोच्च न्यायालयाची राहिली नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मताने ठरले की, आणीबाणीत बंदिवानाला हेबियस कॉर्पसचा अर्जही करता येत नाही. छागलांना सर्वांत अधिक वेदना त्या निकालाची झाली असावी, कारण त्यांचा सारा विश्वास न्यायासनावर होता. १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी सत्तेविरुद्ध प्रचार केला. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, हे घटनेत लिहिले गेले.

त्यांच्या चरित्राच्या वाचकाला येथे एक प्रश्न टाळता येत नाही. १९६५ मध्ये एका हिंसक घटनेनंतर अध्यादेश काढून, निवडून आलेल्या सभेचे अधिकार नियुक्त मंडळाकडे नेणारे छागला आणि १९७५ मध्ये शासनाच्या अमर्याद हाताविरुद्ध उभे राहिलेले छागला, हे एकच काय? त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येते की, दोन्ही वेळी त्यांच्या डोळ्यांसमोर एकटा नागरिक होता. पहिल्यांदा त्याला जमातीपासून सोडवायचे होते, दुसऱ्यांदा राज्यापासून. पण जमातीपासून सोडविण्यासाठी जी सत्ता राज्याच्या हाती द्यावी लागते, तीच उद्या नागरिकावर उलटू शकते. अल्पसंख्याक समाज आपल्या संस्थांना घट्ट धरून बसतो तो या भीतीपोटीही, हे त्यांनी पुरेसे मोजले नाही. जन्मभर स्वतःला अल्पसंख्य न मानणाऱ्या माणसाला ती भीती आतून कळणे कठीण होते.

डिसेंबर १९८० मध्ये नव्याने स्थापन झालेल्या भारतीय जनता पक्षाच्या मुंबईतील अधिवेशनात ते पाहुणे म्हणून गेले. पक्षाचे सदस्य ते झाले नाहीत. आपल्याला उजवे म्हणावे की डावे, याची फिकीर त्यांना त्या वयात उरली नव्हती. ९ फेब्रुवारी १९८१ रोजी, नित्याप्रमाणे क्लबमध्ये गेले असता, मुंबईतच त्यांचे निधन झाले. उच्च न्यायालय दुखवट्याने बंद झाले. खोजा घरात जन्मलेल्या या माणसाचे दफन झाले नाही. त्यांच्या इच्छापत्राप्रमाणे देहाला अग्नी देण्यात आला. वैयक्तिक कायद्याच्या पलीकडचा नागरिक कसा असावा, याविषयी ते बोलत आले होते. शेवटचा निर्णय त्यांनी त्याच न्यायाने घेतला.

त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने अलीगढचा कायदा पुन्हा बदलला आणि विद्यापीठ भारतीय मुसलमानांनी स्थापिले, असे त्यात घातले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन मतांनी अझीझ बाशाचा निकाल मोडीत काढला. कायद्याने जन्म झाला एवढ्यावरून संस्थेचे अल्पसंख्याक स्वरूप नाहीसे होत नाही, असे ठरविले आणि अलीगढचा प्रश्न लहान पीठाकडे सोपविला. छागलांनी १९६५ मध्ये संसदेत मांडलेला कायद्याचा मुद्दा साठ वर्षांनी, एका मताच्या फरकाने, हरला. ते असते तर त्यांनी निकाल शिरसावंद्य मानून आपले भिन्न मत पुन्हा एकदा लिहून काढले असते, असे त्यांच्या आयुष्याकडे पाहता म्हणावेसे वाटते. मुंबई उच्च न्यायालयाच्या इमारतीत आज त्यांचा पुतळा आहे आणि टिळकांचा फलकही आहे. न्यायासाठी आलेला माणूस कोणत्या जमातीचा, हे त्या दोहोंपैकी कोणीही विचारीत नाही.